चोपणातली मोरस

उत्तमभावजी घरी आले की चहा उभ्याउभ्याच पीत. पाट नको, बाज नको. एक हात दाराच्या चौकटीला, दुसऱ्या हातात कप आणि नजर रस्त्यावर लावलेल्या ट्रककडे. जणू तो ट्रक त्यांना न सांगताच निघून जाणार होता. मी बसा म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "बसलं की गंज चढतो, वयनी." मग आम्ही घरातली सगळी गंजलेलीच का, असं मी विचारी. ते हसत, कप माझ्या हाती देत आणि अंगणात फेऱ्या घालायला लागत. माझा हा धाकटा दीर. याच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं याला खाली पाठवला, असं सासूबाई म्हणत. लग्न केलं नाही. मुली सांगून येत नव्हत्या असं नाही, पण मुलीकडचे दारात आले की हे नेमके सुरतेच्या वाटेवर असत.

आमचं शेत गंगाखेडच्या अलीकडे, कालव्याच्या अगदी शेवटाला. वरचं रान काळंभोर, विहिरीजवळचं. खालच्या अंगाला मात्र कालव्याचं पाणी मुरून मुरून जमीन चोपण झालेली. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी खार फुटते, पीठ सांडल्यासारखी. तिथं सोयाबीन सोडाच, हरळीसुद्धा धरत नाही. सासरे गेल्यावर वाटणी निघाली. आमच्याकडे रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे पाडणाऱ्याला खोट करता येत नाही. माझ्या मालकांनी, म्हणजे थोरल्यांनी, काळी आणि चोपण दोन्ही निम्मी निम्मी करून दोन सारखे वाटे पाडले. गावातली दोन जाणती माणसं बसली होती, सासूबाई होत्या, मी दाराशी होते. उत्तमभावजी अर्थात उभे.

"मलाच निवडायचंय ना?" ते म्हणाले. "मंग दोन्ही वाट्यातली चोपण माझी. काळी सगळी दादाची."

मालकांनी तोंड उघडायच्या आत ते पुढं बोलले, "दादा इथं राबायलाय. मी जाणारा माणूस. जाणाऱ्याला काळी काय करायची?"

सासूबाई रागावल्या, जाणत्यांपैकी एकानं डोकं ठिकाणावर हाय का म्हणून विचारलं, मालकांनी हात धरला. भावजींनी हात सोडवून घेतला आणि थोड्या वेळानं रस्त्यावरून ट्रकचा भोंगा ऐकू आला.

खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता. लोकांना त्यांचं मन मोठं दिसेल, पण मी घरात काय झालं ते पाहत होते. गावाला नेहमी निम्मंच ऐकू येतं. थोरल्यानं धाकट्याच्या गळ्यात चोपण मारली, असं चहाच्या टपरीवर सुरू झालं. मालक मुळातच कमी बोलणारे. त्यांनी चोपणाजवळून जाणारी खालची वाट सोडली. आपल्याच शेतात जायला ते लांबच्या बांधावरून वळसा घेऊ लागले. पीक चांगलं आलं की चोरी केल्यासारखं तोंड करून घरी येत. निम्मी काळी परत घे म्हणून त्यांनी भावजींना किती विनवलं, पण भावजी आपला वाटा उचललेले, ते काही ऐकेनात.

एका खेपेला मी कप हातात द्यायच्या आधीच बोलले. तुम्ही दानशूर होऊन निघून गेलात, इथं माणूस झुरायला लागलाय, त्यांना त्या रानाकडं बघवत नाही. भावजींनी त्या दिवशी गंजाचं काही काढलं नाही. म्हणाले, "मंग तिथं कायतरी हिरवं पायजे."

तेव्हापासून प्रत्येक खेपेला त्यांच्यासोबत काहीतरी येऊ लागलं. कुठल्याशा ढाब्यावाल्यानं दिलेली खजुराची रोपं, गुजरातेत खाऱ्या रानात वाढणारी पिलूची झुडपं, कुणी सांगितलेल्या गवताची मुळं. पूर्वी महिनोन् महिने न फिरकणारा माणूस आता पंधरवड्याला दारात. उभ्यानं दोन घास खायचे, कुदळ घेऊन चोपणात जायचं, आधीचं वाळलेलं उपटायचं, नवं लावायचं आणि पुन्हा रस्ता धरायचा. "ह्या खेपेला न्हाई, तर फुडच्या खेपेला," हे त्यांचं पालुपद. ट्रकवाला की रोपवाटिकावाला, असं मी चिडवी. पण त्यांच्या डोळ्यांना झोप नसायची आणि ते बघून माझी मलाच लाज वाटे.

मग एकदा उरणकडच्या बंदरात गाडी रिकामी व्हायला उशीर लागला. बसून राहणं रक्तात नाही, म्हणून हे मिठागरांच्या कडेनं फिरत सुटले. तिथं पाय रुतेल अशा खाऱ्या चिखलात बायका एक झाड खुडत होत्या. वीतभर उंच, मण्यांसारखी गुबगुबीत पानं, काही हिरवी, काही लालसर. मोरस म्हणतात, डाळीत घालून भाजी करतो, असं त्यांनी सांगितलं. यांनी रोपं मागितली तेव्हा नेऊन काय करणार, असं त्या बायकांनी विचारलं, तर यांचं उत्तर, "आमच्याकडं समुद्र न्हाई, पण मीठ लय हाय."

दोन पोती चिखलासकट मोरस आमच्या दारात उतरली. भावजींनी दिवसभर वाकून ती चोपणात लावली. मी दोन रोपं हळूच परसात नेली, शेणखत घातलं, बोअरचं गोडं पाणी रोज घातलं. आठवड्यात ती सडली. पुढच्या खेपेला भावजी ते बघून पोट धरून हसले. "लय लाड केले, वयनी. त्याला एवढं गोड सोसत न्हाई."

चोपणातलीही बरीच गेली. पावसाळ्यात तर सगळं पाण्याखाली होतं, मी आशा सोडली होती. पण थंडी पडायला लागली आणि त्या पांढऱ्या रानात जागोजाग हिरवी ठिगळं दिसू लागली. ना कुणी पुन्हा लावलेलं, ना पाणी दिलेलं. मालक लांबच्या बांधावरून ते बघत असणार. एका संध्याकाळी मात्र ते खालच्या वाटेनं घरी आले. डोक्याचा रुमाल सोडून त्यात मोरस बांधून आणली होती. भाजी कर, एवढंच म्हणाले.

मी तूरडाळीत भाजी केली. हाताला सवय, मीठ घालून मोकळी झाले. मालक जेवायला बसले. गप्प जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतली, भाकरीनं ताट पुसून घेतलं. नंतर मी घास घेतला तर तोंडात धरवेना. मोरसचं अंगचंच मीठ, वर माझं. मी पाणी पीत पीत त्यांना विचारलं, सांगितलं का नाही?

"उत्तमच्या रानातलं पयलं पीक हाय," मालक म्हणाले. "खारट हाय म्हणून कसं सांगू?"

मी पदर तोंडाला लावला. कितीतरी दिवसांनी माझ्या नवऱ्याचं ताट रिकामं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी भावजींना फोन करून सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. आता येतीलच, म्हणून मी बाजरीचं पीठ दळून ठेवलं. पंधरवडा गेला, महिना गेला, संक्रांत झाली. हळूहळू माझ्या ध्यानात आलं. ते यायचे ते त्या पांढऱ्या रानापायी, दादाची मान खाली गेली होती त्यापायी. ते मिटलं आणि त्यांना रस्ता मोकळा झाला. मोरस धरली नसती तर बरं झालं असतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. आलं ते लिहिते. रस्त्यावर भोंगा वाजला की सासूबाई दारात जातात, आणि मी काही कमी नाही, हातातलं काम टाकून मीही जाते.

परवा त्यांचा फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज, गाड्यांचे भोंगे.

"दादा काय करायलाय?" त्यांनी विचारलं.

तुमच्या रानात आहेत, मी म्हटलं. सकाळ-संध्याकाळ तिथंच असतात. काम काही नसतं, तरी जातात, बांधावर बसतात. टपरीवरचे लोकही आता मोरस मागून नेतात.

"मंग झालं की, वयनी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांचं झालं असेल. माझं झालेलं नाही.