बोट धरून ठेवणारी बाई

ल्युंगॉय बेटाच्या धक्क्यावर एक पिवळी फळी आहे, खांबाला बिजागरीने लावलेली. कुणाला स्टाव्हांगर शहरात जायचं असेल तर त्याने फळी समुद्राकडे फिरवायची. बोटवाल्यांना ती लांबून दिसते आणि बोट धक्क्याला लागते. नाही फिरवली तर बोट वळून न बघता पुढच्या बेटाकडे जाते. माग्नहिल गेली बारा वर्षं ही फळी फिरवत होती, बहुतेक वेळा दुसऱ्यांसाठी.

मे ते सप्टेंबर शहरातून माणसं यायची. सकाळच्या बोटीने उतरायची, खडकांवर एकमेकांपासून चांगली लांब लांब बसायची, पाठपिशवीतून पावाचे तुकडे आणि तपकिरी चीज काढायची, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि संध्याकाळच्या बोटीने परत. सहलीच्या पत्रकावर ‘शांततेचा एक दिवस’ असं छापलेलं असे. शनिवार-रविवारी माग्नहिल जुन्या होडीघरात त्यांना वाफल भाजून द्यायची, वर स्ट्रॉबेरीचा मुरंबा आणि आंबट साय.

“किती भाग्यवान आहात तुम्ही!” एक बाई म्हणाली. “एवढी शांतता!”

“डब्यात भरून देऊ का थोडी?” माग्नहिल म्हणाली. “माझ्याकडे उरते.”

बाई खूप हसली. माग्नहिलने मुळीच थट्टा केली नव्हती.

एका दिवसाची शांतता कुणालाही गोड लागते. नोव्हेंबरातली शांतता ज्याने पाहिली आहे त्याने बोलावं. तेव्हा साडेतीनलाच दिवे लावावे लागतात. वारा असा सुटतो की तीन-तीन दिवस बोट धक्क्याला लागू शकत नाही. माग्नहिल गळ्यापर्यंत ओव्हरकोट गुंडाळून अकरा बंद घरांच्या दारांवरून फिरायची, कुणाचा नळ गोठला, कुणाचं कौल उडालं ते बघायची. ही अकराही घरं शहरातल्या लोकांची, सुट्टीपुरती. बारावं तिचं. रात्री अंथरुणावर पडलं की तिचा जीव गुदमरायचा. चहूबाजूंनी मोकळं पाणी, आणि आपण मात्र कोंडलेलो.

मग ती गेली का नाही? त्याचं कारण बोटच होती.

बोटवाल्यांचा नियम असा, की बेटावर बारमाही राहणारं एक तरी माणूस असेल तरच वर्षभर बोट लागेल. माग्नहिलचा नवरा लेइडुल्फ वारला, शेजारचा म्हातारा त्याच वर्षी मुलाकडे गेला आणि बेटावर नोंदलेली ती एकटीच उरली. शहरात तिची मोठी बहीण बोर्गनी राहायची, तीही एकटी. तिने मागची खोली रिकामी करून निळे पडदे लावून ठेवले होते. रोज बातम्या संपल्या की तिचा फोन यायचा.

“कधी येतेयस कायमची? पडद्यांचा रंग उडायला लागला!”

आठ वर्षांपूर्वी माग्नहिलने खरंच सामान बांधलं. दुसऱ्या दिवशी गुडमुंड केक घेऊन हजर. गुडमुंड म्हणजे घरवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. सेवानिवृत्त मुख्याध्यापक, आवाज अजून वर्गातला. त्याच्यामागे बाकीचे दहा घरमालक.

“माग्नहिल, तू गेलीस की बोट गेली,” तो म्हणाला. “सोल्वाइगच्या गुडघ्यांचं काय? ती काय वल्हवत येणार आहे? सगळं बेट तुझ्यावर उभं आहे गं.”

भीड भिकेची बहीण. माग्नहिलने केक कापला आणि संध्याकाळी सामान सोडलं.

त्यानंतर दरवर्षी तेच. मे महिन्यात एका शनिवारी सगळे घरमालक जमतात, धक्का घासतात, रंग देतात, बाकं दुरुस्त करतात. त्या दिवशी न येणाऱ्याला पुढे वर्षभर कुणी धड रामराम करत नाही. काम संपलं की गुडमुंड कॉफीचा पेला वर करायचा. “आपली बोट धरून ठेवणाऱ्या माग्नहिलसाठी!” सगळे टाळ्या वाजवायचे. खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की खाली उतरायची त्यालाच लाज वाटते. फोनवर ती बोर्गनीला सांगायची, “मी आले तर बोट बंद होईल गं. इतके लोक माझ्यावर अवलंबून आहेत.” आणि बोर्गनी म्हणायची, “हो बाई, तू मोठी माणूस.” त्यात टोमणा असायचा, पण थोडा अभिमानही असायचा.

भेटायला माग्नहिल जायची, सकाळच्या बोटीने. बहिणी जेवायच्या, जुन्या गोष्टी उकरायच्या, आणि साडेतीन वाजले की बोर्गनीच म्हणायची, “ऊठ, तुझी साडेचारची बोट.” शहरातले लोक बेटावर एका दिवसासाठी यायचे, तशी माग्नहिल बहिणीकडे एका दिवसासाठी जायची.

तीन वर्षांपूर्वी बोर्गनी विसरायला लागली. आधी दूध उतू जायचं, मग रस्ता चुकायचा. गेल्या शरद ऋतूत तिला देखभालगृहात हलवलं. फ्लॅट तसाच होता, किल्ली माग्नहिलच्या पर्समध्ये. आता फोन माग्नहिलला करावा लागे आणि बोर्गनी दर वेळी एकच विचारी, “बोट चुकली का तुझी?” डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की वर्षभरात ती माणसं ओळखायची थांबेल. माग्नहिलला फार काही नको होतं. बहिणीचं मन जागेवर आहे तोवर तिच्याजवळ चार संध्याकाळी घड्याळ न बघता बसायचं होतं. पण दगडाखाली हात सापडलेला, निघणार कसा? ईस्टरला गेली तेव्हा बोर्गनीने तिला ओळखलं, गालावर हात फिरवला आणि साडेतीनला म्हणाली, “ऊठ.”

मेमधल्या एका गुरुवारी बोटीवरची नवी मुलगी, एम्ब्ला, धक्क्यावर वेळापत्रक चिकटवायला उतरली.

“तुम्ही उन्हाळाभर इथेच?” तिने विचारलं.

“बारा महिने. मी नसले तर तुमची बोट इथे लागायची नाही.”

“का लागणार नाही?”

“नियम आहे ना! बारमाही माणूस हवं.”

एम्ब्लाने दातांतली चिकटपट्टी काढली. “तो नियम? तो तर कधीच गेला. सहा वर्षं झाली असतील. आता फळी फिरवली की बोट लागते, कुणी राहो न राहो. सहलवाले वाढले ना. सगळ्या धक्क्यांवर पत्रं गेली होती.”

“इथे नाही आलं.”

“धक्का ज्यांच्या नावावर असतो त्यांना जातं. इथे कुठलंसं मंडळ आहे ना?”

माग्नहिल बाकावर बसली. एम्ब्लाने पाणी देऊ का म्हणून विचारलं, तेही तिला ऐकू गेलं नाही. सहा वर्षं. त्यातल्या पहिल्या तीन वर्षांत बोर्गनी पूर्ण शाबूत होती. पत्त्यांत लबाडी करत होती, रेडिओवरच्या माणसांशी भांडत होती. निळ्या पडद्यांच्या खोलीशेजारी बोर्गनी वाट बघत बसून होती, आणि माग्नहिलच्या दाराला बाहेरून कडीच नव्हती. असा संताप माग्नहिलला आयुष्यात आला नव्हता, आणि त्यातला अर्धा स्वतःवर होता. सहा वर्षांत तिने एकदा, फक्त एकदा बोटवाल्यांना विचारलं असतं! पण ज्यासाठी टाळ्या मिळतात ते खरं आहे का, हे कोण विचारायला जातं?

शनिवारी सकाळी तिने फळी फिरवली, स्वतःसाठी.

बोट लागली आणि कुंचले, बादल्या, थर्मास घेऊन घरमालक उतरले. माग्नहिल पाठीला पिशवी लावून उभी होती, पायाशी दोन बॅगा.

“अगं, आज कामाचा दिवस!” गुडमुंड म्हणाला. “आणि तू सहलीला निघालीस?”

“सहा वर्षांपूर्वी एक पत्र आलं होतं, गुडमुंड. बोटवाल्यांचं.”

त्याने बादली खाली ठेवली. “पत्र? हं... आलं असेल. सांगायचं राहूनच गेलं बघ.”

“सहा वर्षं राहून गेलं?”

“तुला इथे करमतंय असं आम्ही धरून चाललो. शिवाय, खरं सांगू का, तू असलीस की घरांची काळजी नसते.”

“म्हणजे बोट नव्हती धरली मी. तुमचे नळ धरले होते.”

मागे सोल्वाइग म्हणाली, “गुडमुंड, तू तर म्हणाला होतास की तिला माहीत आहे!” कुणीतरी खोकलं. बाकीच्यांना धक्क्याच्या फळ्या अचानक फार बघण्यासारख्या वाटू लागल्या.

माग्नहिलने खिशातून अकरा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्या बादलीत टाकला.

“अगं, हे काय! हिवाळ्यात नळ कसे बंद करायचे, कुठला कुठे आहे, आम्हाला काय ठाऊक?”

“पत्र पाठवीन,” माग्नहिल म्हणाली. “सवडीने वाच.”

एम्ब्लाने दोन्ही बॅगा उचलल्या. “जाऊन-येऊन का?” तिने तिकिटासाठी विचारलं.

“नुसतं जाऊन.”

देखभालगृहात दुपारी शांतता होती. दारात परिचारिका म्हणाली, “एखाद्या दिवशी ओळखतात, एखाद्या दिवशी नाही. मनाला लावून घेऊ नका.” बोर्गनी खिडकीशी बसली होती. केस कुणीतरी छान विंचरून दिले होते. माग्नहिल समोरच्या खुर्चीत बसली आणि तिने तिचा हात हातात घेतला.

“बोर्गनी, मी आले. कायमची आले.”

बोर्गनीने तिच्याकडे नीट, सभ्यपणे पाहिलं. “छान केलंत,” ती म्हणाली. “मलाही एक बहीण आहे. पण तिला नाही येता येत.”

माग्नहिलने तिचा हात सोडला नाही. “का?”

“ती बेटावर असते ना. ती आली तर बोट बंद होईल.” बोर्गनी थोडी पुढे झुकली, गुपित सांगावं तशी. “तिच्यामुळे चालते बोट. फार लोक तिच्यावर अवलंबून आहेत. मी तिला बोल लावत नाही हं, कुणाला लावू देतही नाही.”

“बोट आता तिच्याशिवाय चालते, बोर्गनी. तिला येता येईल.”

“छे! तुम्हाला नाही माहीत. तिने स्वतः सांगितलंय मला.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले. बोर्गनीने हात सोडवून घेतला आणि माग्नहिलच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

“उठा तुम्ही,” ती म्हणाली. “साडेचारची बोट चुकेल.”

माग्नहिल उठली. तिने अंगातला कोट काढला, खुंटीला लावला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसली.