बाबांचा कलप उतरवला तेव्हा

आमचे बाबा जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात कारकून होते. सागाच्या बुंध्यावरून हात फिरवून झाडाचं वय सांगायचे, पण स्वतःच्या वयाचा त्यांनी कोणाला थांग लागू दिला नव्हता. दर पंधरवड्याला बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांकडून दोन पुड्या येत, एक मेंदीची आणि एक निळीची. आधी मेंदी, ती धुतली की वर नीळ, आणि मग डोक्याला एरंडाची पानं बांधून बाबा परसात बसत. तेवढ्यात कोणी आलंच तर आत्या दारातूनच सांगायची, "दादाचं डोकं दुखतंय." सगळ्या जव्हारला ही डोकेदुखी ठाऊक होती. तरी भेटल्यावर लोक तोंड गंभीर ठेवून विचारपूस करायचे, इतकी माणसं भली.

थरावर थर चढून ते केस असे काळे झाले होते की उन्हात मिशांवर निळी झाक मारायची. बाबांना वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नाही.

माझी आई मी लहान असतानाच गेली. विधवा आत्या आमच्याकडे राहायला आली आणि तिनंच मला वाढवलं. मी लग्नाची झाले तेव्हा मोखाड्याचं एक स्थळ आलं. मुलगा मला पसंत होता. तेव्हा मुलीला कोणी विचारत नसे, पण मी न विचारता आत्याला सांगून टाकलं होतं. मुलाच्या आजीनं मला उलटसुलट न्याहाळलं, माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि निघताना आत्याला चुलीपाशी गाठून म्हणाली, "पोरीत खोट नाय. पन बापाचं डोकं बघा. बायको जाऊन इतकी वरसं झाली न हा अजून काळाभोर. उद्या नवी आनली त आमच्या सुनेला माहेर कुठलं?"

मी आत जाऊन रडले. आत्यानं बाबांना सगळं जसंच्या तसं ऐकवलं. बाबा मिशी कुरवाळत म्हणाले, "उतरवू या."

म्हणणं सोपं होतं. आत्यानं त्यांना परसातल्या दगडावर बसवलं, कोमट तिळाचं तेल चोळलं, मग रिठे, मग पापडखार. डोळ्यांत फेस गेला की बाबा थेट संस्थानच्या कारभारावर घसरायचे. काळं पाणी वाहिलं, निळं वाहिलं, आणि मग खालचा तांबडा थर जो उघडा पडला तो काही हलेना. बाबांचं डोकं हुबेहूब नाचणीच्या भाकरीच्या रंगाचं झालं. कचेरीत फेट्यानं डोकं झाकलं, पण मिशा कुठे लपवणार? चाचांकडे गेले तर ते आपल्या मेंदी लावलेल्या तांबड्या दाढीवरून हात फिरवत हसून म्हणाले, "भाऊ, नीळ निघाली, मेंदी नाय निघायची. असं फिरलात तर लोक तुम्हाला माझा मोठा भाऊ समजतील." आणि वर आणखी एक पुडी विकली. तिनं रंग तेवढा अधिक खुलला.

तेव्हा बाबांचा संयम सुटला. उठले आणि तडक न्हाव्यापुढे जाऊन बसले. "सगळं काढ. मिशासुद्धा."

आमच्याकडे माणूस डोकं आणि मिशा उतरवतो तो बाप गेल्यावर. माझे आजोबा साखरशेत गावी नाचणी पेरत धडधाकट होते. न्हाव्यानं हात आखडून विचारलं, "म्हातारबा?" बाबा म्हणाले, "ते बरे आहेत. तू कर." न्हाव्याला वाटलं, दुःखानं भ्रमलेत बिचारे. त्यानं डोळे पुसत वस्तरा चालवला आणि बाबा घरी पोचायच्या आत बातमी बाजारभर केली.

माणसं येऊ लागली. गप्प बसायची, उसासे टाकायची. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी भाकऱ्या आणल्या, आणि आत आत्या नेमकी सुकट परतत होती. त्या वासावर जव्हारात पुढे वर्षभर बोललं गेलं. बाबा ज्याला त्याला सांगत होते की कोणी गेलेलं नाही. पण ते जितकं सांगत तितके लोक जास्त हळहळत.

चार दिवसांनी मोखाड्याची आजीही समाचाराला आली. ती टेकते न टेकते तोच डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेऊन आजोबा दारात उभे. आपल्या लेकानं मिशा काढल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"कोन मेला रं? माना त कोनी काय सांगला नाय."

आत्या म्हणाली, "तुम्हीच, बा."

आजोबांनी गाठोडं खाली ठेवलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं, भाकऱ्यांकडे पाहिलं. "मंग भाकर तरी वाढा," म्हणाले आणि जेवायला बसले.

सगळं घर हसलं. मोखाड्याची आजी पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसता तिची नजर बाबांच्या डोक्यावर गेली. चार दिवसांचे खुंट वर आले होते, सगळे पांढरेफेक. मीही ते तेव्हा पहिल्यांदाच नीट पाहिले.

"हे कधीपासून?" तिनं विचारलं.

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "हिची आई गेली त्याच वर्षी. एकदा हिनं माझ्या कानापाशी पांढरे केस पाहिले आणि गळ्याला जी मिठी मारली ती सोडेना. म्हणे, आता तुम्हीपण जाणार. जेवेना, झोपेना. मग काळे केले. तेव्हा कुठे झोपली."

मला यातलं काही आठवत नव्हतं. मी त्यांना आयुष्यभर नटवे समजत आले होते. आत्याला माहीत होतं, पण ती कधी बोलली नाही. मोखाड्याच्या आजीनं उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत्याला म्हणाली, "पोर आमची."

लग्न झालं तोवर बाबांच्या मिशा वाढल्या होत्या, दुधासारख्या पांढऱ्या. मी सासरी निघाले तेव्हा बैलगाडीपाशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "आता भीती नाही ना वाटत?"

मी म्हटलं, "नाही." मोखाडा येईपर्यंत मी रडत होते.