ज्या पाण्याने बॅट धुतली

मॅडमनी बॅट नळाखाली धरली आणि साबण लावून मूठ घासली. मी समोरच उभी होते. त्या बॅटने मी नुकताच एक बॉल मारला होता. एकच. तो कुंपणावरून पार पळसाच्या झाडापर्यंत गेला आणि आमच्या पाड्यातली पोरं ओरडली. ते ऐकून मॅडम व्हरांड्यातून खाली आल्या, माझ्या हातातून बॅट काढून घेतली आणि आत वळून स्वतःच्या मुलाला म्हणाल्या, "निशांत, बॅट अशी टाकून जायची नाही. ही मुलं कुठेकुठे हात घालतात." मग नळ. मग साबण. मूठ, मग पातं, परत मूठ. टॉवेलने पुसून बॅट उन्हात ठेवली. मला त्या रागावल्यासुद्धा नाहीत. मांजराने तोंड घातलेलं भांडं घासावं तसं काम उरकलं आणि आत गेल्या.

मी तेव्हा पाचवीत होते. आमचा पाडा टोकावड्याच्या पुढे, रस्ता सोडून आत. आमच्या शेताला लागून ठाण्याच्या एका साहेबांनी बंगला बांधला होता. मे महिन्यात ते बायको-मुलाला घेऊन यायचे. निशांत माझ्याच वयाचा. त्याच्याकडे बॅट, स्टंप, पॅड, सगळं होतं, फक्त खेळायला माणसं नव्हती. मग आम्हाला हाक मारायचे. आम्ही बॉल टाकायचा, आम्ही धावायचं, काट्यात गेलेला बॉल आम्ही काढायचा. बॅटिंग निशांतची. आऊट झाला तरी त्याचीच. सगळी सुट्टी आम्ही फिल्डिंग केली. आमची पाळी कधी येणार, हे विचारायचं असतं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तो पाणी प्यायला आत गेला, बॅट गवतात पडली होती, म्हणून मी उचलली.

घरी येऊन बाला सांगितलं. बा म्हणाला, "जाव दे गो. मोठी माणसा हायत." आणि संध्याकाळी उठून विहिरीवर गेला, बंगल्याची टाकी भरायला पंप चालू केला. कारण त्या नळाचं पाणी आमच्या विहिरीचं होतं. माझा हात ज्या पाण्याने धुऊन काढला, ते पाणी माझ्या बापाचं होतं. हे मला त्या संध्याकाळी पंपाचा आवाज ऐकताना कळलं आणि पोटात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. मी विझू दिलेलं नाही.

पाणी आमचं, तसा रस्ताही आमचाच. साहेबांनी जागा घेतली तेव्हा तिथे जायला आमच्या बांधावरची पायवाट तेवढी होती. साहेब बाकडे आले, म्हणाले, गाडी जाईल एवढी जागा दे. बाने दिली. आमच्या जुन्या माणसांचा नियम आहे, वाटेला आणि पाण्याला कुणाला नाय म्हणू नये. बाने मधला बांध फोडला, विटांचे ट्रक भाताच्या खाचरातून जाऊ दिले. बदल्यात काही घेतलं नाही. वाटेचं काय घ्यायचं, म्हणाला. साहेबांनी मिठाईचा बॉक्स दिला, तो घरी दिवाळीपर्यंत पुरवून खाल्ला. एका खाचराची दोन झाली, मधली माती चाकांनी दगडासारखी झाली.

आमचा राबही तिथेच असायचा. भाताचं रोप टाकण्याआधी शेण, पाला, गवत पसरून जमीन भाजतात, तो राब. मॅडमना धुराचा त्रास झाला. बाने राब उचलून वरच्या खडकाळ उतारावर नेला. तेव्हापासून आमचं रोप कधी धड आलं नाही. तरी बंगल्याचं फाटक उघडलं की बा हात जोडून उभा. देणारा उभा आणि घेणारा खुर्चीत, हा हिशोब मी लहानपणापासून पाहिला.

मुरबाडला कॉलेज केलं, मग ठाण्यात नोकरी. आता आसनगावला खोली घेऊन राहते. आमची कंपनी जमिनींच्या किमती ठरवून देते. तिथे पहिल्याच महिन्यात कळलं, जमीन बघायला गेलं की माती कशी आहे हे कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न, गाडी जाते का? रस्ता असेल तर खडकाला भाव, नसेल तर सोन्यासारखी जमीन गवताच्या मोलाची. म्हणजे साहेबांच्या बंगल्याची सगळी किंमत माझ्या बापाच्या खाचरात होती, आणि बा ती मिठाईच्या बॉक्सवर देऊन बसला होता. अडाणी म्हणा. मी नाही म्हणणार. त्याने माणूस समजून दिलं.

कंपनीची क्रिकेटची स्पर्धा असते. प्रत्येक टीममध्ये एक तरी बाई हवीच, असा नियम. आमचा मॅनेजर मला म्हणाला, "तू बाउंड्रीला थांब फक्त. तुझी बॅटिंग येणारच नाही." मी म्हटलं, "मग माझ्याशिवाय खेळा," आणि रिक्षा पकडली. नियमाप्रमाणे टीम बाद. सोमवारी ऑफिसात कोणी माझ्याशी बोललं नाही. मला झोप मात्र छान लागली होती.

यंदा शिमग्यानंतर साहेब घरी आले. मी सुट्टीला आले होते. बाने आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः उंबऱ्यावर टेकला. साहेब म्हणाले, "धोंडू, बंगल्याच्या जागी टर्फ करतोय. क्रिकेटचं मैदान, राहायला खोल्या. मुंबईच्या कंपन्या येतील. रस्ता तेवढा कायमचा लिहून दे. आहे तोच रे. तुझं काय जातंय?"

मग मला बघून हसले. "ही तीच ना? काय धावायची! एक बॉल सोडायची नाही. पाड्यात अजून अशी पोरं असतील तर पाठव गं. बॉल आणायला लागतीलच."

प्रेमाने म्हणाले. खोटं नाही सांगत, खरंच प्रेमाने. बॅट त्यांच्या लेखी कधी धुतलीच गेली नव्हती. मी एवढंच म्हटलं, "कागद ठेवून जा."

ते गेल्यावर बा म्हणाला, "आपल्या घरात वाटेला कोन नाय म्हनला नाय गो."

"वाट चालणाऱ्याला द्यायची असते, बा. आज्याने दिली ती बांधावरून दिली. खाचर फोडून नाही दिली."

बाने साहेबांचा कागद उचलून घडी घातली. मग म्हणाला, "त्या रोजी तू रडत आलीस, आन मी जाऊन पंप चालू केला. तुला वाटतंय मी इसरलो? दर वेळी बटन दाबताना तीच बॅट आठवते मला."

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलला. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण तो उठून चपला शोधत होता. "चल," म्हणाला, "टॅक्टरवाल्याला सांगून येव."

पुढच्या रविवारी सकाळी रस्त्यावर नांगर फिरला. दगडासारखी ढेकळं निघाली. फोडलेला बांध आम्ही परत घातला. विहिरीवरचा पाइप काढून गुंडाळून ठेवला. मग शेण, पाला, गवत पसरलं, बरोबर जिथे त्यांची गाडी वळायची तिथे, आणि राब मी माझ्या हाताने पेटवला. वारा बंगल्याकडे होता. ते माझ्या हातात नव्हतं, पण बरं वाटलं.

दुपारी साहेबांची गाडी आली, नांगरटीपाशी थांबली. हॉर्न. बा बांधावर बसला होता, उठला नाही.

"हे काय चालवलंय, धोंडू?"

"तिला इचारा," बा म्हणाला. "आता शेत तीच बघते."

"इतकी वर्षं वापरतोय आम्ही हा रस्ता. कोर्टात जाईन मी."

"जा," मी म्हटलं. "प्रत्येक तारखेला मी येईन. रजा साठवून ठेवल्यात त्यासाठीच."

"अगं, पण आम्ही आत जायचं कसं?"

मी बाच्याच बोलीत म्हटलं, "वाटेला आणि पाण्याला आमी नाय म्हणत नाय, साहेब. बांधावरून चालत या. तहान लागली तर विहीर तिथंच हाय. कळशी आणा."

मॅडम गाडीत नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. शेवटी उतरल्या. दोघं पिशव्या घेऊन बांधावरून निघाली. बांध ओला, नवा. मॅडमचा पाय दोनदा घसरला, हात मातीत गेले. मी बघत राहिले. दया आली का? नाही आली. साहेबांचं लॉन आता कडेने पिवळं पडायला लागलंय, तेही मी दर शनिवारी येऊन बघते.

नोटीस येईल. येऊ दे. लोक सांगतात, शिकलीसवरलीस, मोठं मन कर, सोडून दे. मोठं मन बाने केलं होतं, आता घरात तेवढं बास. मी कागदाला कागद लावीन, अपील करतील तिथे उभी राहीन, आणि त्या खाचरात दरवर्षी भात लावीन.

पाड्यातल्या पोरांना सांगून ठेवलंय, भात कापलं की पीच इथेच करायचं. शेणाने सारवायचं, सगळ्यांनी बॅटिंग करायची, पोरींनी आधी. निशांत आला तर त्यालाही घ्या. फिल्डिंगला उभा करा, पळसाच्या झाडाखाली.

आणि बॅट मागितली, तर मला हाक मारा.