गाल टेकायची पट्टी

मी रायफल खाली ठेवली आणि वहिनीसाहेबांनी पर्समधून सॅनिटायझर काढला.

विश्रामबागची नेमबाजीची रेंज. क्लबची एकच चांगली रायफल. वहिनीसाहेब क्लबच्या अध्यक्षांच्या पत्नी. आधी मी, मग त्यांची लेक. नेम धरताना जिथं गाल टेकतो ती पट्टी त्यांनी घासून घासून पुसली. सगळ्यांदेखत. "मेंढरांचा वास येतोय," म्हणाल्या.

आबा दारातच उभे होते. कळप भावाकडं सोडून जतहून मला न्यायला आलेले. वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी हात जोडले. "आवं वहिनीसाहेब, चुकलं पोरीचं. हितनं म्होरं पुसून दील ती."

काय चुकलं होतं माझं? वासाचं मला काही वाटलं नाही. घरात मेंढरं आहेत, वास येणारच. त्या जोडलेल्या हातांचा मात्र राग आला. तरीही मी पुसू लागले. रोज. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पुढे नोकरी लागली, स्वतःची रायफल आली. भारताच्या संघात निवड झाली. परदेशातली मोठी स्पर्धा. संघात वहिनीसाहेबांची लेकही होती, सोबत आमच्याच क्लबचे सर. माझी फेरी आधी झाली. तिची सुरू होणार तेवढ्यात तिच्या रायफलीचा ट्रिगर बिघडला. संघातल्या तिघींचे गुण एकत्र धरतात. सर पळत आले. "तुझी दे तिला."

मी देतच होते. सर म्हणाले, "आधी पूस."

हात आपोआप खिशात गेला. कापड हाताला लागलं. आणि माझी मलाच किळस आली.

"रायफल घ्या. पुसणार न्हाई."

"लय चढलीस व्हय? परत गेल्यावर बघतो तुला."

तिनं सरांकडं बघितलं, मग घड्याळाकडं. माझ्या घामानं ओल्या पट्टीवर गाल टेकवला. नेम धरला. कुणी मेलं नाही.

आता क्लबनं मला रेंज बंद केलीय. माफी मागितली तर घेतील म्हणे. निवड चाचणी जवळ आलीय आणि आमच्या भागात दुसरी रेंज नाही. झोप लागत नाही, खोटं कशाला सांगू.

आबा म्हणाले, "माग की गं. हात जोडल्यानं काय झिजतंय?"

"झिजतंय, आबा. मी मागणार न्हाई. आन् माझ्या वतीनं तुमीबी मागायची न्हाई."

आता रोज घरामागच्या भिंतीवर काळा ठिपका काढून नेम धरते, रिकाम्या रायफलीनं. चाचणीला मी जाणार आहे. माफी मागून नाही.