किसन मिस्त्रींची दाढ

किसन मिस्त्री कुठेही गेले की बसायच्या आधी भिंत वाजवून बघायचे. बोटाच्या पेरांनी टकटक करायची, कान लावायचा आणि मगच खुर्ची ओढायची. एका लग्नात मंगल कार्यालयाच्या भिंतीलाही त्यांनी सोडलं नाही. "गिलावा पोकळ हाय हो, वर्षात सुटल," असं यजमानांना सांगून ते निवांत जेवायला बसले.

नांदेडात माझा दातांचा दवाखाना बांधायला ते उमरीहून आले होते. पहिल्याच दिवशी माझ्या नव्याकोऱ्या, गुळगुळीत खांबावर छिन्नीने टाचे मारायला लागले. मी धावत गेले. "मामा, चांगला खांब का फोडताय?"

हात न थांबवता ते म्हणाले, "डॉक्टरबाई, गुळगुळीत अंगाला गिलावा धरत न्हाई. आधी खरबडीत करावं लागतं." एवढ्या शिकलेल्या बाईला एवढंही ठाऊक नसावं, याचं त्यांना फार नवल वाटलं.

काही वर्षांनी त्यांची चावायची शेवटची दाढ पडली. दुपारी मजूर ज्वारीची भाकरी मोडायचे आणि मामा त्यांच्याकडे पाठ करून वरणात कुस्करलेला काला गिळायचे. लाज वाटायची त्यांना. हे मला त्यांच्या मुलाने, माधवने सांगितलं. मग मीच त्यांना बोलावून घेतलं आणि जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू दाखवला.

चष्मा वर-खाली करत त्यांनी तो न्याहाळला. "ह्याला तर टाचे मारलेत की!"

खरंच होतं. वाळूचा मारा करून, आम्लात बुडवून तो मुद्दाम खरखरीत केलेला असतो. हाड त्या बारीक खाचांत वाढतं आणि त्याला घट्ट धरतं. एरवी पेशंटला हे समजावताना माझा घसा कोरडा पडतो. मामांना स्क्रू बसवल्यावर मी फक्त एवढंच सांगितलं, की तीन महिने त्यावर काही चावायचं नाही.

"हाव. पकडू द्यायचं," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "रोज सकाळी चमच्याच्या दांड्यानं वाजवून बघून राहिलो, बाई. आवाज लई बेस हाय." मी खो खो हसले. दवाखान्यात सगळ्यांना तो किस्सा रंगवून सांगितला. त्यांना थांबवायचं मात्र मला सुचलं नाही.

दुसऱ्या महिन्यात स्क्रू हलायला लागला. काढला तेव्हा त्यावर हाडाचा एक कणही नव्हता. रोजच्या ठोक्यांनी हाडाला धरायला उसंतच मिळाली नव्हती.

"ओल्या गिलाव्याला कुणी हात लावला तर मी त्याला कामावरून हाकलतो," मामा म्हणाले, "अन् म्याच ठोकत बसलो. चूक माझी."

चूक माझी होती. त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी हसले होते. मी ते तसंच कबूल केलं. मामा म्हणाले, "दोघांची हाय ना? मग दोघं मिळून पुन्हा करू."

जखम भरू दिली आणि दुसऱ्यांदा स्क्रू बसवला. हाही सुटला तर तिसरा बसवण्याइतकं हाड उरणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या तीन महिन्यांत या माणसाने घरात चमचा हातात घेतला नाही. वरणसुद्धा वाटी तोंडाला लावून प्यायले. मुदत संपल्यावर मी दात तपासायच्या आरशाच्या दांड्याने स्क्रूवर हलकेच टिचकी दिली. मामा डोळे मिटून ऐकत होते.

"भरीव हाय," ते म्हणाले आणि खुर्चीतच रडले. मलाही आवरलं नाही. तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं.

त्या स्क्रूवर मी दाढ चढवली आणि नंतर सात वर्षं मामांनी मजुरांच्या पंगतीत बसून कडक भाकरी खाल्ली. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

राख सावडून माधव थेट दवाखान्यात आला. त्याने रुमाल उलगडला. आत काळवंडलेला स्क्रू होता. "अस्थीत निघाला. धातू नदीत कसा सोडावा? तुमचा तुम्हाला द्यावा म्हणलं."

मी तो तळहातावर घेतला. आट्यांमध्ये जळून पांढरं झालेलं हाड होतं. नखाने खरवडून पाहिलं. सुटेना.

मी रुमालाला गाठ मारली आणि तो माधवच्या हातात परत ठेवला. "माझा नाही राहिला हा. बाबांचं हाड आहे ते. त्यांच्याबरोबरच सोड."