अकरा मिनिटांचा खुलासा

आमच्या तपासणीबाईंना कार्यालयातून खुलासा मागणारं पत्र आलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये भुलीची यंत्रं सांभाळलेल्या बाईला विचारतात, तुमच्यामुळे अकरा मिनिटं उशीर का झाला! निवृत्तीला तीन महिने उरलेले आणि नोकरीच्या नोंदीत शेरा मारायची तयारी.

मी तिथली भूलतज्ज्ञ. बाई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, हुद्द्याने तंत्रज्ञ. तपासणीबाई हे नाव आम्ही त्यांच्या पाठीमागे पाडलेलं, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. लहान मुलाची केस असली की त्या नळ्या नुसत्या मोजत नसत. सगळ्या एकमेकींना जोडायच्या, हवा ढकलायची रबरी पिशवी दाबायच्या आणि शेवटच्या टोकाला स्वतःचा गाल लावायच्या. गालाला वारा लागला तरच मान हलवायच्या. घरी गॅसचं बटणही त्या तीनतीनदा बघतात, असं त्यांची लेक सांगायची. आम्ही हसायचो, मी तर जरा जास्तच.

त्या दिवशी दोन वर्षांची मुलगी आली. शेंगदाणा श्वासनळीतून उतरून उजव्या फुफ्फुसाच्या तोंडाशी अडकलेला. अशा वेळी मुलाला भूल देऊन घशातून धातूची दुर्बीण घालतात. वाट एकच, आणि तिच्यातूनच सर्जनचा चिमटा जायचा, तिच्यातूनच माझा ऑक्सिजन. ऑक्सिजनची नळी दुर्बिणीला जोडायला बोटभर लांबीचा एक कनेक्टर लागतो. बाईंनी गाल लावायला नळी उचलली, तर तो ट्रेमध्ये नव्हताच. सकाळी कुणीतरी तो मोठ्यांच्या सामानात बांधून दुसऱ्या थिएटरला पाठवून दिला होता.

सर्जन म्हणाले, नळी दुर्बिणीवर हाताने दाबून धरा, दोन मिनिटांचं तर काम आहे. भूल द्यायचा मास्क माझ्या हातात होता. पोरगी माझ्या मांडीवर बसून स्टेथोस्कोप ओढत होती. सर्जन मोठे, मी नवी. मी मूग गिळून गप्प बसले.

बाईंनी भुलीच्या यंत्रावर पंजा ठेवला. "कनेक्टर येईस्तोवर पोरीला झोपवायचं नाही."

सर्जननी सगळ्यांदेखत त्यांचा पाणउतारा केला. बाईंनी पंजा हलवला नाही. निर्जंतुक केलेला कनेक्टर यायला अकरा मिनिटं लागली.

मग मी भूल दिली. चिमट्यात धरलेला शेंगदाणा वर येता येता निसटला आणि श्वासनळीतच आडवा बसला. वाट बंद. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक खालच्या सुरात उतरू लागली, ओठ निळे पडले. सर्जननी तो दाणा पुन्हा खाली उजवीकडे ढकलला आणि चिमटा बाहेर घेतला. डाव्या फुफ्फुसाची वाट मोकळी झाली तशी मी जीव खाऊन पिशवी दाबली. कनेक्टर घट्ट होता, हवा इकडेतिकडे न जाता आत गेली. छाती वर आली. तिसऱ्या खेपेला दाणा निघाला. हाताने धरलेल्या नळीवर त्या पोरीचं काय झालं असतं, हे थिएटरमधल्या प्रत्येकाला कळत होतं, सर्जननाही. तरी संध्याकाळच्या आत त्यांनीच तक्रार केली! निर्लज्जपणाची कमाल आहे.

मी पत्र घेऊन तावातावाने बाईंकडे गेले. त्या मास्क पुसत होत्या. कार्यालयात जाऊन एकेकाची कशी खरडपट्टी काढते बघा, वगैरे बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, आज रागावून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मास्क तुमच्या हातात होता. नाही म्हणायचं काम तुमचं होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. मी तिथेच स्टुलावर बसून खुलासा लिहिला. सामान बघितल्याशिवाय मी मूल मांडीवर घेतलं, चूक दिसल्यावरही घाबरून गप्प राहिले, माझं काम या बाईंना करावं लागलं. खाली सही माझी केली.