भिंगबाईची प्रार्थना

माझी बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. टेबलावर शर्ट येतो, ती तो उलटापालटा करून बघते आणि जिथे टाका सुटला असेल, डाग असेल, तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावते. चांगल्या शर्टाला काहीच लावायचं नसतं. तो नुसता पुढे सरकतो. हे काम तिने आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून केलं, म्हणून तिथे तिला भिंगबाई म्हणतात. कारखान्यात ते कौतुक आहे. घरी मात्र त्या भिंगाखाली मी असतो.

मी रंगारी. दिवसभर लोकांची घरं रंगवून दमून येतो, आणि ही मला आमच्याच भिंतीवरचा एक ओघळ रोज दाखवते. बरं, निदान देवाच्या दारात तरी डोळे मिटावेत? तेही नाही. परवा चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेब तळमळून सांगत होते, की आपण कटकटींत इतके गुरफटतो की देवाचे आशीर्वाद समोर असून दिसत नाहीत. ही माझ्या कानाशी लागून म्हणाली, "त्यांच्या झग्याची डावी शिवण उसवलीय." मी कपाळावर हात मारला. दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाबद्दल प्रभूने काय सांगितलंय, तेही तिला मी कितीदा वाचून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मी हसण्यावारी नेतो; मुलीला ते जमत नाही. आमची एकुलती एक मुलगी नोकरी लागल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. पहिल्याच भेटीत आईने खिडकीची काच, चादरीची घडी, मुलीचे केस, झाडून सगळ्याची तपासणी केली. मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, तू आलीस की वाटतं, मीच तुझ्या टेबलावर पडलेय." मग तिचे फोन बंद झाले. शेवटी तिने मला फोन केला. "बाबा, रविवारी आईला जेवायला घेऊन या. पण तिने एक जरी खोड काढली, तर यापुढे मी बोलावणार नाही." पोरगी आईवर गेली आहे, बोलली की बोलली.

बसमध्ये मी बायकोला बजावलं, "तोंडाला कुलूप लाव."

"मी काय वाईट बोलते? दिसतं ते सांगते."

"मग आज आंधळी हो."

ती पर्सचा पट्टा पिळत राहिली. तीही घाबरली आहे हे मला तेव्हा कळलं, आणि मला तिचा रागही आला आणि कीवही.

खोलीत पाऊल टाकलं आणि आधी मलाच सगळं दिसलं. पडदा एका बाजूने बोटभर खाली. कपाटाचं दार लागत नाही. कोपऱ्यातला रंग तर असा फासलेला, की माझेच हात शिवशिवले. बायकोची नजर पडद्यावर गेली, दारावर गेली, आणि ओठ घट्ट मिटले. मुलगी पाठ ताठ करून वाढत होती. ती वाट बघत होती.

वाढून झाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, आज तू प्रार्थना कर." मला वाटलं, संपलं सगळं. घरी जेवणाआधीची प्रार्थना मीच करतो, कारण आभार मानायचे म्हटले की हिला शब्दच सापडत नाहीत.

आम्ही डोळे मिटले. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. बायकोचे दोन्ही डोळे सताड उघडे होते आणि खोलीभर फिरत होते.

"प्रभू," ती म्हणाली, "नळ गळत नाही."

मी डोळे गच्च मिटले.

"खिडकीला कडी आहे, ती आतून नीट लागते. दिव्याची वायर कुठे उघडी नाही. टेबल डगमगत नाही. जिन्यात उजेड आहे, पोरीला अंधारात चढावं लागत नाही."

तिला दुसरी भाषाच येत नव्हती. बिघडलेलं शोधायचं, आणि सापडलं नाही की तेवढंच देवाला सांगायचं. भाजी निवत चालली होती आणि प्रार्थना काही संपेना. मला वैताग यावा की रडू, तेच कळेना.

"तिला खोकला नाही. डोळ्यांखाली काळं नाही. कोणाला भ्यायल्यासारखी दिसत नाही." इथे तिचा आवाज फाटला. "ही माझी मुलगी, प्रभू. मी नीट बघितली. हिच्यात काढण्यासारखं काही नाही. कधी नव्हतंच. आमेन."

मुलगी उठून मोरीत गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. तिने खुर्ची आईच्या बाजूला ओढली.

"पुढच्या रविवारीही या," ती म्हणाली. "दोघंही."

मग आम्ही जेवायला लागलो. भाजीत मीठ अजिबात नव्हतं. मी धास्तावून बायकोकडे पाहिलं. तिने रिकामी वाटी मुलीपुढे धरली आणि म्हणाली, "अजून थोडी वाढ."